डिसेंबरात मे महिना: कपडे आणि प्रॉपर्टीच्या कंटिन्यूटीच्या नोंदी

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात अठरा दिवसांत मराठी चित्रपट पूर्ण करायचा आहे. गोष्ट मे महिन्यातल्या तीन दिवसांची. गिरणीतून निवृत्त झालेले अप्पा, त्यांची बायको, लग्नाची मुलगी, धाकटा मुलगा आणि मुलगी पाहायला येणारी मंडळी. शूटिंग मात्र डिसेंबर-जानेवारीत, कारण अप्पांचं काम करणाऱ्या ज्येष्ठ नटांच्या तारखा तेव्हाच्याच मिळाल्या. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, वाड्याच्या माडीवर लाइट लावून दिवसभर काम करणं कुणाच्याच अंगाने झेपलं नसतं.

कपडे, प्रॉपर्टी म्हणजे हातातल्या वस्तू, आणि दोन्हींची कंटिन्यूटी, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतं ठेवणं, हे माझ्याकडे. हाताखाली एक मुलगी आणि एक ड्रेसदादा. आजवर मी राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांची वेशभूषा केली आहे, चित्रपट पहिलाच. कमी पैशांत हे काम अंगावर घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवते आहे.

३ डिसेंबर

संहितेत ५४ सीन. नाटकाच्या सवयीने मी सीनच्या क्रमाने यादी केली. प्रत्येक सीनपुढे पात्र, कपडे, हातातली वस्तू. दोन दिवस गेले. काल संध्याकाळी शेड्यूल हातात आलं. पहिल्या दिवशी सीन ३१, मग ८, मग ४९. सीन ४९ मध्ये अप्पांचा शर्ट किती मळलेला हवा, हे माझ्या यादीवरून कळेना. सीन २३ मध्ये माठ फुटून त्यांचा तळहात कापतो आणि शर्टाला रक्त लागतं. सीन ३६ मध्ये कूलरमध्ये पाणी भरताना ते भिजतात. मधे शर्ट बदलतात की नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

यादी बाजूला ठेवली. आता प्रत्येक पात्राची स्वतंत्र पानं, आणि पानावर वरून खाली गोष्टीतला काळ: दिवस पहिला सकाळी ७, दिवस दुसरा दुपारी ३:१०, असं. प्रत्येक ओळीत पाच रकाने. कपडा कोणता, तो कोणत्या अवस्थेत, अंगावर खूण काय, हातात काय, खिशात काय. सीनचा नंबर शेवटी, समासात. शूटिंग कुठल्याही क्रमाने होवो, मला पान उघडून आधीची आणि नंतरची ओळ वाचता आली पाहिजे.

शर्ट बदलायचा का, हे दिग्दर्शकाला विचारलं. त्याने एक दिवस घेतला आणि सांगितलं, अप्पा त्याच शर्टावर झोपतात, मुलगी तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बदलायला लावते. हे उत्तर शूटिंगच्या दिवशी सेटवर शोधत बसलो असतो तर तास गेला असता. असे एकूण १७ प्रश्न निघाले.

६ डिसेंबर

गांधीबाग, कापडाचा बाजार. कपडे आणि हातातली प्रॉपर्टी मिळून माझ्याकडे ४५,००० रुपये, अकरा पात्रांसाठी. त्यात अप्पांचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट एकसारखा चार नग हवा. एक स्वच्छ, एक रक्ताचा, एक त्याच रक्ताच्या दुसऱ्या टेकसाठी आणि एक राखीव. तयार शर्ट एकसारखे तीनच मिळाले. चौथा त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, दुकानात डोळ्यांना सारखाच वाटला. दुकानदारच म्हणाले, "ताई, इथल्या ट्यूबलाइटखाली नका पाहू. बाहेर उन्हात नेऊन पाहा." बाहेर नेला तर तो किंचित पिवळट. थान वेगळं होतं.

तयार शर्ट सोडून एकाच थानातलं दहा मीटर सुती कापड घेतलं, मीटरला १४० रुपये. महालातल्या शिंप्याकडे चार शर्ट टाकले, शिलाई प्रत्येकी ३५०. एकूण २,८००. तयार शर्टांपेक्षा महाग पडलं, पण चारही एका अंगाचे झाले. शिवण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून दिलं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शूटिंगच्या मध्यात एकच शर्ट धुतला गेला तर त्याची बाही बाकीच्यांपेक्षा वर चढलेली दिसणार.

मुलीच्या दोन साड्या आणि आईच्या तीन घरोघरी मागून आणल्या. जुन्या साडीचा मऊपणा नव्या साडीला आणता येत नाही. पण मागून आणलेल्या साडीला जोड नसते, हे तेव्हा मनात आलं नाही. त्याचा फटका पुढे बसला.

१० डिसेंबर

लुक टेस्ट. पांढरा शर्ट कॅमेऱ्यात नुसता उजळ ठिपका दिसत होता, अप्पांचा चेहरा त्यापुढे काळवंडला. कॅमेरामनने शर्टाचा पांढरेपणा थोडा कमी करून आणायला सांगितला. उपाय जुनाच, चहाचं पाणी. माझ्याकडे दोन शर्ट मावतील एवढंच पातेलं होतं, म्हणून दोन आधी आणि दोन नंतर बुडवले. दुसऱ्या वेळी तेच पाणी वापरलं. पहिले दोन बदामी झाले, दुसरे दोन जेमतेम पिवळसर.

चारही परत धुतले. मंडपवाल्याकडून मोठं भगोनं आणलं, १२ लिटर पाण्याला १५० ग्रॅम चहापत्ती उकळून गाळली, चारही शर्ट आधी साध्या पाण्यात ओले केले आणि एकदम बुडवले. वीस मिनिटं, सतत हलवत. कोरडा कपडा घातला की डाग पडतात. आता चारही सारखे आहेत. चहासोबत थोडं मीठ टाकलं, रंग धरावा म्हणून.

शर्टांवर नंबर घालायचे होते. मार्करने कॉलरच्या आत लिहिलं तर पांढऱ्या कापडातून बाहेर दिसतं. म्हणून कॉलरच्या आत शिवणीवर दोऱ्याच्या गाठी घातल्या. एक गाठ, दोन, तीन, चार. अंधारातही बोटाला कळतात.

१६ डिसेंबर

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असल्याने गाडी मिळणं कठीण, तरी प्रॉपर्टीचं बरंचसं झालं. अप्पांची सायकल कबाड्याकडून १,८०० ला. तिच्यावर कुणीतरी अलीकडे हिरवा ऑइल पेंट मारलेला. चितारओळीतल्या एका रंगाऱ्याने तो खरवडून, काळा मारून, हँडलशी आणि कॅरिअरशी घासून तीस वर्षं जुनी करून दिली. १,२०० घेतले. हात असा की चेनकव्हरवर पायजम्याचा घासा कुठे लागतो तेही त्याने विचारून केलं.

माठाचं अवघड झालं. सीनमध्ये माठ फुटतो, म्हणजे प्रत्येक टेकला नवा माठ. डिसेंबरात माठ कोण घडवतं? कुंभारांकडे उन्हाळ्यातले उरलेले होते, त्यांची तोंडं वेगवेगळ्या मापांची. तीन ठिकाणं फिरून एका आकाराचे पाच जमवले, २२० प्रमाणे १,१००. सहावा सापडला नाही. दिग्दर्शकाला स्पष्ट सांगितलं, चार टेक मिळतील. पाचवा माठ फुटायच्या आधीच्या सीनांना लागतो, तो फोडायचा नाही.

२६ डिसेंबर, शूटिंगचा पहिला दिवस

सकाळी साडेसहाला वाड्यात पोचलो तेव्हा तोंडातून वाफा येत होत्या. आणि पहिला सीन ३१, मे महिन्यातली दुपार.

घामाचे मी चार टप्पे ठरवले होते. १ म्हणजे कपाळ आणि वरचा ओठ. २ म्हणजे मान आणि काखा. ३ म्हणजे पाठीवर मणक्यालगत लांबट पट्टा. ४ म्हणजे पाठ पूर्ण चिकटलेली. वहीच्या प्रत्येक ओळीत हा आकडा आहे. सीन ३१ ला घाम ३.

ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्प्रेच्या बाटलीत भरलं आणि चेहरा, मान, शर्ट सगळीकडे तेच मारलं. तीन चुका एकदम झाल्या.

पहिली, कपाळावरचं मिश्रण ओघळून अप्पांच्या डोळ्यात गेलं. सत्तरीतला माणूस, अर्धा तास डोळा चोळत बसला. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून चेहऱ्याला स्प्रे नाही. मेकअपदादा स्पंजने टिपून लावतात, तेही भुवयांच्या वर एक बोट सोडून.

दुसरी, कापडावर ग्लिसरीन जास्त झालं की शर्ट तेलकट चमकतो. घाम तसा दिसत नाही. कापडाला कपभर साध्या पाण्यात चमचाभर ग्लिसरीन एवढंच पुरतं. तेवढ्याने डाग लवकर वाळतही नाही. नुसतं पाणी लाइटसमोर सात-आठ मिनिटांत उडालं.

तिसरी सगळ्यात महागाची. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन एकत्र घेणाऱ्या शॉटमध्ये, पाठीवरचा डाग कंबरेपर्यंत होता. सजेशनला, म्हणजे एकाच्या खांद्यावरून समोरच्याला दाखवणाऱ्या शॉटला, कॅमेरा फिरेपर्यंत पाऊण तास गेला. मी आठवणीने परत पाणी मारलं. मॉनिटरवर दोन्ही शॉट शेजारी लावले तर एकात डाग लांबट, दुसऱ्यात गोल. शॉट पुन्हा.

दुपारच्या सुटीत पुठ्ठा कापला. शर्ट पाट्यावर पसरून, मास्टरच्या फोटोवरून डागाचा आकार पुठ्ठ्यात भोक पाडून काढला. पुठ्ठ्याची वरची कड योकच्या, म्हणजे शर्टाच्या खांद्यामागच्या पट्टीच्या, शिवणीला लावायची आणि भोकातून स्प्रे मारायचा. कडा बोटाने थोड्या विस्कटायच्या, नाहीतर छापल्यासारखं दिसतं. घाम २, ३ आणि ४ चे वेगळे पुठ्ठे. हे घरीच करून आणायला हवं होतं, पहिल्या दिवसाचे सव्वातीन तास वाचले असते.

थंडीचंही. टेक संपला की स्पॉटदादा मायेने अप्पांच्या खांद्यावर शाल टाकत, आणि शाल सगळा घाम पुसून नेई. शाल बंद केली. त्यांच्या पायाशी हीटर ठेवला. वाफेसाठी कुणीतरी सुचवलं, शॉटआधी तोंडात बर्फ धरायचा. वाफ खरंच दिसत नाही, धाकट्या मुलाचं काम करणाऱ्याने करून दाखवलं. पण या वयात अप्पांना बर्फ द्यायला माझं मन धजावलं नाही. त्यांचे सीन दहानंतर घ्यायचं ठरलं.

२७ डिसेंबर

पहाटेपासून अवकाळी पाऊस. अंगणातला सीन रद्द, ऐनवेळी माडीवरचे सीन २७ आणि २९ घेतले. दोन्ही माठ फुटल्यानंतरचे, अप्पांच्या हाताला पट्टी. माठाचा सीन अजून झालेला नाही, तो ३० तारखेला. पण पट्टीची चाचणी लुक टेस्टच्या दिवशी झाली होती, फोटो ग्रुपवर होते. मी फोटो पाहिला, उजव्या तळहाताला पट्टी बांधली. सहा शॉट झाले.

सातव्या शॉटला अप्पा स्वतःच थांबले. म्हणाले, "ताई, मी माठ डाव्या हाताने धरणार होतो ना? उजव्यात काठी आहे." वहीत डावा लिहिलेला. फोटोत उजवा. फोटो त्या दिवशी मुलीचं काम करणारीने तिच्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढला होता, आणि त्या फोनमध्ये असा फोटो आरशासारखा उलटा साठतो. मी वही उघडलीच नाही, फोटोवर विसंबले.

सहाही शॉट परत. दोन तास चाळीस मिनिटं. पाऊस असल्याने बाहेरचं काही घेताही आलं नसतं, म्हणून दिवस पूर्ण बुडाला नाही, पण त्या दिवशीचा सीन ३० राहिला आणि तो शेवटच्या दिवसावर गेला.

रात्री बसून फोटोंची पद्धत बदलली:

फोटो एकाच फोनमधून, मागच्या कॅमेऱ्याने. बाकी कुणाचे फोटो पुरावा म्हणून धरायचे नाहीत.

प्रत्येक फोटोत पात्राच्या छातीशी एक पाटी. त्यावर सीन, शॉट, टेक, गोष्टीतली वेळ. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की फोटो उलटा, हे शाळकरी मुलालाही कळेल. पाटी म्हणजे लहान मुलांची दगडी पाटीच, ४० रुपयांची. उजेडात ती चमकत नाही.

फोटो चार: समोरून, मागून, दोन्ही हात पसरून, आणि पायांचा. हे चारही एकदा शॉट सुरू व्हायच्या आधी आणि एकदा ओके टेक संपल्याबरोबर, कुणी काही हलवायच्या आत. आम्ही दोन दिवस फक्त सुरुवातीचे काढत होतो. पुढचा शॉट जोडला जातो तो आधीच्या शॉटच्या शेवटाला, तेव्हा शेवटचा फोटो जास्त मोलाचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि काढल्याची वेळ त्यातून निघून जाते. शर्टाचं दुसरं बटण लागलं आहे की नाही, हे तशा फोटोत दिसेना. आता डॉक्युमेंट म्हणून पाठवतो आणि रोज रात्री लॅपटॉपवर उतरवतो. त्या-त्या दिवसाच्या महत्त्वाच्या फोटोंचे प्रिंट काढून वहीत चिकटवायला दिवसाला १२०-१५० रुपये जातात. सेटवर फोनची बॅटरी संपते, वही संपत नाही.

३० डिसेंबर

माठ. चार टेक मिळतील सांगितलं होतं, तिसऱ्यात झालं. एक माठ उरला, तो माझ्या खोलीत जपून ठेवला आहे.

रक्त घरी केलं. साखरेचा घट्ट पाक, लाल खायचा रंग, किंचित कोको, आणि निळ्या रंगाचे दोन थेंब, म्हणजे ते गुलाबी दिसत नाही. धुऊन निघावं म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचा चमचा घातला होता. त्वचेवरून निघालं. चहात बुडवलेल्या सुती शर्टावरून मात्र पूर्ण गेलं नाही. दोन गाठींचा शर्ट दोनदा धुऊनही खिशापाशी गुलाबी छटा राहिलीच. नशिबाने तो रक्ताचाच शर्ट होता. पण पुढे आमचं असंच ठरलं की रक्ताचे सगळे सीन उरकल्याशिवाय राखीव शर्टाला हात लावायचा नाही.

पट्टीचे तीन संच केले. ताजी, संध्याकाळची मळकी आणि तिसऱ्या दिवसाची सैल, कडेला दोरे सुटलेली. प्रत्येक वेळी नव्याने बांधली तर वेढे वेगळे पडतात. म्हणून बांधलेल्या पट्टीला आतून चार टाके घालून तिचा मोजाच केला. आता ती हातात सरकवायची. वेळ दोन मिनिटं.

१ जानेवारी

घड्याळ. अप्पांच्या मनगटावर एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे, माझ्या वडिलांचं. चावी न देता ठेवलं की ते बंद राहतं, मग सीनच्या वेळेला काटे लावून द्यायचे, एवढी सोपी योजना. आज सकाळच्या क्लोजअपमध्ये ९:४० आणि त्यानंतरच्या शॉटमध्ये १०:२५. मी घाबरले. अप्पांनी आयुष्यभर सकाळी घड्याळाला चावी दिली आहे. हातात बांधलं की बोटं आपोआप चावीकडे जातात, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घड्याळ चालू होतं.

त्यांना काही म्हणायचं नाही असं ठरवलं. अशा सवयीनेच तर ते अप्पा वाटतात. आता घड्याळ मी शॉटच्या क्षणी बांधते आणि कट झाला की काढून घेते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून टाकला आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मे महिन्याचंच आहे ना, हे रोज सकाळी पाहते. काल वाड्याच्या मालकिणीने चतुर्थी पाहायला पान उलटून डिसेंबर काढून ठेवला होता.

३ जानेवारी

जेवणाचा सीन. पाच माणसं, पाच ताटं, पाच पानांचे संवाद, अकरा शॉट. सकाळी नऊ ते रात्री साडेदहा.

शेजारच्या काकूंनी ४६ पोळ्या करून दिल्या, वांग्याची भाजी, वरण-भात. तरीही कमी पडलं. कोण कुठल्या वाक्यावर घास घेतो, हे मी मास्टरच्या तालमीतच संहितेच्या समासात लिहिलं होतं. पण नट भुकेलेले असले की तालमीत नसलेले घास घेतात. दुपारी अडीचला धाकट्या मुलाच्या ताटातली पोळी अर्धी, आधीच्या शॉटमध्ये पाऊण. तेव्हापासून शॉटच्या आधी सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. हे पहिल्या शॉटआधीच करायचं होतं.

पाण्यासाठी आधी काचेचे ग्लास ठेवले होते, कलाविभागाला ते आवडले होते. पाण्याची पातळी प्रत्येक शॉटला जुळवता जुळवता माझी सहायक रडकुंडीला आली. दुसऱ्या शॉटपासून स्टीलचे गडवे-पेले केले आणि पहिला शॉट परत घेतला. स्टीलच्या पेल्यात पाणी किती आहे ते दिसत नाही, आणि महालातल्या घरात पेले स्टीलचेच असतात. चहाही स्टीलच्या पेल्यात. बजेट कमी असेल तर काच शक्यतो सेटवर येऊच देऊ नये.

ताटातली भाजी प्रत्येक शॉटला वाढण्यासाठी मी चमचे मोजून ठेवले. अडीच चमचे, डावीकडे. मीठ-लिंबाची जागा फोटोवरून. वरणावर साय धरते, ती दर शॉटला ढवळायची.

६ जानेवारी

बाहेरचा सीन. अप्पा सायकल हातात धरून गल्लीतून येतात. जमलेली माणसं सगळी स्वेटर, मफलर, कानटोप्यांत. जुनिअर आर्टिस्ट आठच, बाकी गल्लीतलेच लोक. २४ पांढरे दुपट्टे आणून ठेवले होते, नगाला ९०, म्हणजे २,१६०. विदर्भात उन्हात डोक्याला दुपट्टा बांधतातच. प्रत्येकाला विनंती केली, स्वेटर काढून डोक्याला दुपट्टा बांधा. एक आजोबा म्हणाले, "काऊन जी, या थंडीत उन्हाळा दाखवून राहिले का?" आणि स्वेटर काढून बसले, दोन तास. त्यांना दर शॉटनंतर चहा दिला.

तीन शॉट ओके झाल्यावर सहायकेच्या लक्षात आलं, मागे कोपऱ्यावर संत्र्यांचा ठेला. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात संत्र्याचा ठेला कुणाच्या डोळ्यात भरणार? आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात येणारं संत्र्याचं पीक, नुकताच संपत आलेला. पण मे महिन्यात गल्लीच्या कोपऱ्यावर संत्र्यांचा ढीग नसतो, आणि हा चित्रपट पाहणारा पहिला प्रेक्षक नागपूरचाच असणार. ठेलेवाल्याला दोनशे रुपये देऊन ढिगावर पोती टाकली, वर कांदे रचले. तीनही शॉट परत. त्यातलाच एक कांदा अप्पांच्या खिशात दिला, उन्हात बाहेर पडताना वडीलधारी माणसं ठेवतात तसा. दिग्दर्शकाला इतका आवडला की पुढच्या दोन सीनांत त्याने तो वापरला. मला वहीत खिशाच्या रकान्यात सहा ओळी बदलाव्या लागल्या, पण आनंदाने.

१० जानेवारी

मन लागत नाही. सीन ४१ आणि ४२, अप्पा त्याच शर्टावर झोपून उठतात. तीन गाठींचा शर्ट काल रात्री मी दोरीने पिळून, गाठोडं करून, सुरकुत्या पाडून ठेवला होता, ४१ मध्ये घातला, फोटो काढले. आज ४२ साठी मागितला तर हँगरवर कडक इस्त्रीचा. ड्रेसदादा म्हणाले, "पूर्ण चुरगाळून पडला होता ताई, म्हटलं शॉटला असा कसा द्यावा." तीस वर्षं नाटकवाल्यांच्या ड्रेपरीत काम केलेला माणूस. कपडा नीट देणं हाच त्यांचा धर्म. चूक माझी, मी त्यांना वही दाखवली नव्हती, फक्त सहायकेला दाखवत होते.

परत ओला करून पिळला, फोटोवरून सुरकुत्या जुळवल्या. कोपराच्या घड्या जुळल्या, पाठीच्या नाहीत. अप्पांना भिंतीला टेकून बसवलं. दीड तास.

आता हँगरला रंगीत चिंध्या आहेत. लाल चिंधी म्हणजे हात लावायचा नाही, धुवायचा नाही, इस्त्री नाही. हिरवी म्हणजे धुवा. चुरगाळलेले कपडे हँगरवर न टांगता उशीच्या अभ्र्यात, वर चिठ्ठी. ड्रेसदादांनी स्वतः चिंध्या कापून बांधल्या.

साडीचा फटका आजच बसला. आईच्या मागून आणलेल्या साडीवर तर्रीचा थेंब पडला, नाश्त्याच्या वेळी. जोड नाही. निऱ्यांची घडी फिरवून डाग आत घेतला, पण मग पदराची लांबी वीतभर कमी झाली. पुढचे सगळे शॉट कंबरेच्या वर घ्यावे लागले. नाश्त्याच्या वेळी कपड्यांवर गाउन घालायचा, हा नियम पहिल्या दिवशीच हवा होता.

१३ जानेवारी

गच्चीवरचा सीन ४७. उद्या संक्रांत. आभाळ पतंगांनी भरलेलं, आणि मे महिन्यात पतंग नाहीत. कॅमेरामनने खालच्या अँगलचे सगळे शॉट सोडून दिले, गच्चीच्या कठड्यापाशी वरून घेतले. आवाजातही "ओ काट" येत होतं, ते डबिंगला जाईल. एक कटलेला पतंग अप्पांच्या खांद्यावरून गेला तो टेक सुंदर होता, पण टाकावा लागला. मी शेड्यूलच्या बैठकीत होते तेव्हा तारीख पाहून बोलायला हवं होतं.

१७ जानेवारी, पॅकअप

राहिलेला सीन ३० घेऊन संपलं. अठराचे वीस दिवस झाले. माझा खर्च ५१,६००, म्हणजे ६,६०० वर. त्यातले निम्मे तरी परत घेतलेल्या शॉटांसाठी दुसऱ्यांदा आणलेल्या सामानाचे. ग्लिसरीनच्या नऊ बाटल्या लागल्या.

एक गोष्ट मी निर्मात्याशी भांडून करून घेतली. एकही कपडा परत दिला नाही, सगळे पात्रवार ट्रंकेत भरले. मागून आणलेल्या साड्यांच्या मालकिणींना फोन करून तीन महिने मागितले. सायकलही वाड्यात ठेवली.

२२ फेब्रुवारी

एडिटवर बसले. ज्या चुकांनी माझी झोप उडवली होती त्यातल्या कित्येक कापून गेल्या. घड्याळातले १०:२५ कुणाला दिसत नाहीत, कारण त्या क्षणी अप्पा मुलीकडे पाहतात आणि आपणही तिच्याकडे पाहतो. सीन ३१ मध्ये मात्र एका शॉटात घाम ३ चा डाग आहे आणि लगेच पुढच्यात जवळपास कोरडी पाठ. तो शॉट माझ्या नजरेतून सुटला होता, मी तेव्हा पुठ्ठा कापत बसले होते. पॅचवर्क लागणार, म्हणजे तेवढा तुकडा परत घ्यायचा. एकच शॉट, पाठमोरा.

९ मार्च

पॅचवर्क. ट्रंक उघडली, तीन गाठींचा शर्ट जसाच्या तसा. पुठ्ठाही आत होता. ऊन चांगलंच तापलेलं. अप्पा जिना चढून माडीवर आले तेव्हाच त्यांची पाठ भिजली होती, खऱ्या घामाने. डाग मणक्यालगत नव्हता, दोन्ही खांद्यांच्या पात्यांवर पसरलेला, आणि वाळत आला की कडेला पांढुरकी रेघ उमटत होती. डिसेंबरातल्या आमच्या घामाशी त्याचा काही मेळ नव्हता.

शर्ट काढून घेतला, पंख्याखाली वाळवला, मिठाची रेघ ओल्या फडक्याने पुसली. अप्पांना वीस मिनिटं कूलरसमोर बसवलं, पाठ कोरडी केली. मग योकच्या शिवणीला पुठ्ठा लावून पाणी मारलं, कडा बोटाने विस्कटल्या, डिसेंबरच्या फोटोशेजारी फोटो काढून पाहिला. दुसऱ्या टेकला ओके. कट झाल्याबरोबर पाटी धरून शेवटचा फोटो काढला आणि वहीत चिकटवला, सीन ३१, शॉट ६अ.